पाहुणचार

नृसिंह आबांच्या बंगल्याच्या पायऱ्या चढत होता. अर्धं आयुष्य तो आबांसाठी राबला. पोस्टरं चिकटवली, सभेत दगड खाल्ला, एकदा त्यांच्या वाटणीची कोठडीही भोगली. त्याचं बक्षीस म्हणून यंदा पाणी समितीचं अध्यक्षपद मिळालं. अशा पदावर गप बसून हार घ्यायचे असतात, एवढं साधं कळायला नको? पण गड्यानं खरोखरच काम केलं. पन्हाळ्याच्या वाटेवर चोरून पाणी ओढणाऱ्या एका हॉटेलाचं कनेक्शन तोडलं. हॉटेल आबांच्या जावयाचं निघालं.

आबांची माया शिव्यांतून यायची. "मुडद्या, कुठं उलथला होतास?" एवढं ऐकलं तरी कार्यकर्त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आजही नृसिंह शिव्या खायच्या तयारीनंच आला होता. दोन कानाखाली बसल्या असत्या, तरी घरी जाऊन निवांत झोपला असता.

आबा त्याला बघून हसले. स्वतः उठून त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"चुकलं, आबा," नृसिंह उभ्याउभ्याच म्हणाला. "मला ठावं न्हवतं."

"चुकलं कशाचं? कायद्यानंच केलंय की."

खोलीतली कुजबुज थांबली. शेजारी उभा असलेला त्याचा जुना सोबती हळूच लांब सरकला. नृसिंहानं हात जोडले.

"शिव्या तरी घाला, आबा."

आबांनी आतल्या दाराकडं तोंड वळवलं.

"चहा आणा रं. पावणं आल्यात."