आपले साहेब जाणार

"आज कोण आलं होतं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"पेशंट आले होते," माझी नणंद म्हणाली आणि तिने भाताचं पातेलं स्वतःकडे ओढलं.

शेजारच्या देशाशी शांततेच्या वाटाघाटी होणार असं जाहीर झाल्यापासून आमच्याकडे हे रोजचं होतं. नणंद सरकारी दवाखान्यात नर्स. सरकारी कामाने परदेशी जाणाऱ्याला तिथेच येऊन लस टोचून घ्यावी लागते. दोन्ही देशांची बोलणी ज्या तिसऱ्या देशात व्हायची होती, तिथे कसलासा ताप असतो. लशीचा दाखला नसेल तर विमानतळाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, आणि लसही दहा दिवस आधी घेतलेली लागते. म्हणजे बोलणी करायला कोण जाणार, हे सरकारने जाहीर करायच्या आधी माझ्या नणंदेला कळणार. टीव्हीवर मोठमोठे तज्ज्ञ रोज संध्याकाळी टाय लावून अंदाज वर्तवायचे, हा जाईल, तो जाणार नाही. खरी खबर आमच्या स्वयंपाकघरात भात कालवत बसली होती आणि तोंडातून ब्र काढत नव्हती.

"तुझ्या सख्ख्या भावाचा प्रश्न आहे," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून काय पेशंटची नावं सांगत फिरू? नोकरी जाईल माझी, आई."

तिचा सख्खा भाऊ म्हणजे माझा नवरा. लष्करात वायरमन होता. अकरा वर्षांपूर्वी सीमेजवळची तुटलेली तार जोडायला गेला तो परत आलाच नाही. त्याच्याबरोबर गेलेलेही आले नाहीत. पलीकडचे इतकी वर्षं कानांवर हात ठेवून होते. या वेळी मात्र त्यांनी कबूल केलं, की आमच्या तुरुंगात काही माणसं अशी आहेत, ज्यांना स्वतःचं नावही धड सांगता येत नाही. ती आम्ही त्या तिसऱ्या देशात आणू, बोलणी करायला येणाऱ्यांनी बघावीत, आपली असतील ती ओळखावीत आणि घेऊन जावीत.

ओळखू शकेल असा सरकारात एकच माणूस होता. हरवलेल्या सैनिकांचं खातं सांभाळायचे ते. आम्ही बायका त्यांना 'आपले साहेब' म्हणायचो. बाकी कचेऱ्यांत आम्ही दिसलो की लोक फायलीत तोंड खुपसायचे, हे उठून खुर्ची द्यायचे. कुणाची चाल कशी, कुणाच्या कानामागे तीळ आहे, कोण डावखुरा, सगळं त्यांनी घरोघर जाऊन विचारून ध्यानात ठेवलेलं होतं. ते गेले तर आमची माणसं येतील. दुसरा कुणी गेला तर चहा पिऊन परत येईल.

त्यामुळे एक दिवस नणंद डबा घरी विसरली म्हणून मी दवाखान्यात गेले आणि आपले साहेब दारातून आत जाताना दिसले, तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी मला पाहिलं नाही. चालता चालता बाहीचं बटण काढत होते. डबा मी शिपायाच्या हातात कोंबला आणि घर गाठलं.

"आई, आपले साहेब जाणार," मी म्हटलं. "या डोळ्यांनी बघितलं मी. लस घ्यायला आले होते."

सासूबाई उठल्या आणि कपाटातून मुलाचे शर्ट बाहेर काढायला लागल्या. कुबट वास येतोय म्हणाल्या, धुवायला हवेत. मी फोन घेऊन बसले. ज्यांची ज्यांची माणसं माझ्या नवऱ्याबरोबर गेली होती, त्या सगळ्यांना सांगून टाकलं. एक म्हातारी फोनवर इतकी रडली की मलाच तिची समजूत काढावी लागली.

संध्याकाळी नणंद आली. तिने दोरीवरचे शर्ट बघितले, माझ्याकडे बघितलं आणि हातपाय धुवायला निघून गेली. जेवताना मान वर केली नाही.

"बघा, लागलं तोंडाला कुलूप," मी सासूबाईंना हसून म्हटलं. "साहेब जाणार नसते तर नाही म्हणाली नसती का?"

झालं, लावला अर्थ. टीव्हीवरच्या टायवाल्यांपेक्षा मी काही वेगळी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई त्याची गादी उन्हात टाकायला निघाल्या, तेव्हा मात्र नणंदेने त्यांचा हात धरला.

"आई, राहू दे. साहेब जाणार नाहीत."

"अगं, हिने बघितलं त्यांना."

"आले होते. मी लस दिली नाही."

मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं. साहेबांचा चेहरा सुजलेला होता, दंडावर काळेनिळे डाग होते. गोळ्या कसल्या चालू आहेत, असं तिने विचारलं. आधी ते नाही म्हणाले, मग स्टेरॉइडच्या चालू असल्याचं कबूल झाले. तसल्या गोळ्या खाणाऱ्याला ही लस द्यायची नसते. त्याच्या अंगात झुंजायची ताकदच उरलेली नसते, लसच जिवावर उठू शकते. साहेब म्हणाले, हे लिहू नका सिस्टर, कुणाला माहीत नाही, तुम्ही टोचा. तिने लिहिलं आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवला.

"जिवावर उठू शकते म्हणजे उठतेच का?" मी विचारलं.

"प्रत्येकाच्या नाही."

"मग?"

"मग काय? बाही वर करून बसले होते ते. माझ्या हाताने नाही टोचवलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यांना मरायची भीती नाही आणि तुम्हालाच त्यांचा पुळका," मी म्हटलं. "ताई, भाऊ आहे तो तुमचा."

"हेच म्हणाले ते मला. सिस्टर, तुमचा भाऊही आहे त्यांच्यात. तरी मी नाही म्हटलं. आता काय बोलायचं ते बोल."

मी बोलले. तो तिकडे मेला तर तुम्हीच मारलात त्याला, इथपर्यंत बोलले. सासूबाई मधे पडल्या नाहीत. नणंदेनेच गादी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या तोंडाकडे बघणंही सोडलं, ताट वाढायचे ते जमिनीकडे बघून. ज्यांना मोठ्या तोंडाने फोन केले होते, त्यांना पुन्हा फोन करायचं धैर्य मला होईना. त्यांचेच येत राहिले. आपले साहेब निघाले का, कोणत्या विमानाने येणार आमची माणसं? कळवते, म्हणायचे मी. रडायला मोरीत जायचे आणि नळ सोडून ठेवायचे.

मग एका सकाळी कामावर निघताना ती दारात थांबली.

"माझ्याबरोबर चल."

मी केर काढत राहिले.

"साहेबांच्या जागी जो जाणार आहे, तो आज लस घ्यायला येतोय," ती म्हणाली. "लस दिल्यावर अर्धा तास बाकावर बसवून ठेवतो आम्ही, कुणाला घेरी येते म्हणून. त्याला उठून जाता येणार नाही. तू शेजारी जाऊन बस."

इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने एका पेशंटचं नाव घरात काढलं नव्हतं. हे कुणाला कळलं असतं तर त्याच दिवशी तिला घरी बसवलं असतं. मी फोटो घेतला, चपला घातल्या आणि तिच्या मागोमाग निघाले.

नवा साहेब तिशीचा असेल, व्यापार खात्यातून उचललेला. एका हाताने दंडावरचा कापूस दाबून दुसऱ्या हाताने मोबाईल बघत बसला होता. मी शेजारी बसले आणि नवऱ्याचा फोटो सरळ त्या मोबाईलवर ठेवला.

"हे काय? बाई, हे कचेरीत आणून द्या."

"कचेरीत तुम्ही सापडणार नाही. इथून कुठे जाल?"

त्याला हसू आलं. माणूस वाईट नव्हता. त्याने फोटो नीट धरला आणि मी सांगायला लागले. वायरमन आहे. उंची बेताची. झोपेत दात खातो. खोटं बोलायचं असलं की आधी कान खाजवतो. कुणी रागावलं तर उलट बोलत नाही, उठून बाहेर जातो. आणि मग मला पुढचं काही सुचेना. अर्धा तास मिळाला होता आणि माझ्याजवळचं पाच मिनिटांत संपलं होतं. लग्नानंतर सुट्टीवर आला तेवढाच तो माझ्या वाट्याला आला होता.

"फोटो कधीचा आहे?" त्याने विचारलं.

"लग्नाच्या आधीचा."

"म्हणजे फार जुना. आता कसे दिसत असतील ते?" त्याने फोटो जरा लांब धरून बघितला. "तिथे पुष्कळ माणसं उभी करतील माझ्यापुढे. मला ओळखता यायला हवं."

मला सांगता येईना. डोळे मिटले तरी हाच फोटो दिसत होता. ज्या माणसासाठी अकरा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, त्याचा चेहरा माझ्याजवळ उरलाच नव्हता. हे मला त्या बाकावर कळलं.

नणंद तिकडून बघत असावी. हातातलं काम ठेवून ती आली, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली आणि तोंडावरचा मास्क काढला.

"माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "मी त्याची बहीण. एकाच वर्षाने मोठी. लहानपणी लोक आम्हाला जुळी समजायचे. कपाळ हेच. नाक हेच, डोळ्यांखाली हे असंच. केस माझे पांढरे झालेत, त्याचेही झाले असतील. गाल तेवढे हे धरू नका, मी दोन वेळा जेवते."

तिने दोन्ही हातांची बोटं गालांवर ठेवली आणि गाल आत दाबून धरले.

त्याने फोटो बाकावर ठेवला आणि मोबाईल खिशात टाकला. तो तिच्याकडे बघत राहिला. मीही बघत होते. किती दिवसांनी बघत होते.

"नीट बघून घ्या," गाल तसेच दाबून धरलेले असल्यामुळे तिला धड बोलता येत नव्हतं. "घाई नाही. अजून तुम्हाला बसायचंय."