आखूड मानेचा मोर

मी धनश्रीच्या ओट्यावरची सुरी बोलतेय. पातं माझं झकास आहे, ते माझं मीच सांगते. पण लोक बघतात मुठीच्या टोकावरच्या मोराकडे. त्याची मान आखूड आहे, आणि तिला कुणी हसलं की मला राग येतो.

माझा जन्म चौऱ्याण्णव सालचा, सुरतेतल्या भेस्तानचा, खानदेशातून आलेल्या हिलाल लोहाराच्या भट्टीवरचा. त्याआधी मी एका ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा होते. त्या घरची रीत अशी, की लेक सासरी निघाली की घरच्या भट्टीवरची मोराची सुरी तिच्याबरोबर जायची. हिलालच्या लेकीचं, धनश्रीचं लग्न ठरलं आणि त्याच हिवाळ्यात हिलालचा उजवा हात लकव्यानं गेला. बाजारातून स्टीलची सुरी आणू, असं तो म्हणाला खरा, पण बोलताना त्यानं लेकीकडे पाहिलं नाही.

त्याची बायको तारा म्हणाली, "मोर मी करसू."

तारानं जन्मभर घण मारला होता. हिलालनं हातोडीनं टक टक करून जागा दाखवायची आणि तिनं नेमका तिथे घाव घालायचा. माझं पातं तिनं सहज ओढलं. मोराची नाजूक मान मात्र तिनं कधी केली नव्हती. सांडशीत मी लालबुंद, हातोडी वर उचललेली, आणि बाई थांबून राहिली. ती नवऱ्याच्या ठोक्याची वाट बघत होती. मी निवून काळी पडले तेव्हा कुठे तिनं घाव घातला, आणि मान तडकली.

"तुम्ही ठोका ना पहिले," ती रडवेली होऊन म्हणाली.

हिलालचा डावा हात धड होता. खाटेवर बसल्या बसल्या त्यानं तो मांडीखाली दाबून धरला. "मी आते ठोकस नही. तुले डोया शेतस ना? मंग मार."

तडकलेला तुकडा छाटला. उरलं ते एवढंसं, आता चुकलं तर मोरच नाही. मी पुन्हा तापले. या खेपेला ती थांबली नाही. बारीक घावांनी मान वळली, चोच निघाली, छिन्नीनं डोळा उमटला. हिलालनं मला डाव्या हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं आणि बायकोकडे बघून हसला. तो माणूस मला फार आवडायचा.

लग्नानंतर सुरतेतल्याच कतारगामच्या घरी धनश्रीच्या नवऱ्यानं, वाल्मिकनं, मला उचलून विचारलं, "हाई चिमनी शे का?"

"मोर शे. मनी मायना," धनश्री म्हणाली. आईच्या हातचा म्हटल्यावर त्यानं मला जपून ओट्यावर ठेवलं.

यंदा हिलाल गेला आणि तारा लेकीकडे राहायला आली. पहिल्याच सकाळी धनश्रीनं मला धुतलं आणि पाणी झटकायला पाटावर ठोकलं, टक टक. ही तिची रोजचीच सवय. दाराशी मेथी निवडत बसलेल्या ताराचा उजवा हात एकदम वर उचलला गेला. तसाच राहिला क्षणभर. मग तिनं तो हळूच मेथीत ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला.

म्हणून एवढंच मागते. मी गंजते, मला धुतल्यावर पुसून ठेवत जा. पण फडकं घेण्याआधी ते दोन ठोके राहू द्या. तारा आता रोज दाराशीच बसते.