यादीप्रमाणे नष्ट

मी एक नष्ट झालेली नोंदवही बोलतेय. दचकू नका, मी तशी धडधाकट आहे. चारशे पानं, जाड पुठ्ठा, पाठीवर लाल कापड. पण आमच्या कचेरीत नष्ट केलेल्या कागदपत्रांची एक यादी आहे. तिच्यात चौदाव्या क्रमांकावर माझं नाव आहे, पुढे 'नष्ट' असा शेरा आहे आणि खाली सही आहे. सहीनिशी मेलेल्यानं जिवंत असल्याचा हट्ट धरू नये. कचेरी जालन्यातली आहे. कुठली, ते विचारू नका.

माझी पानं १९७१ साली औरंगाबादच्या एका छापखान्यात आखली गेली. फौजेतून घरी परतलेले जवान नोकरीसाठी नाव नोंदवायला येत, त्यांच्यासाठी मी होते. रखमाजी नावाचे कारकून माझ्यात टाकानं लिहीत. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख, फौजेतला नंबर, अंगावरची खूण आणि शेवटी सही. रखमाजी मान खाली घालूनच सगळं विचारत, फक्त खुणेच्या रकान्याला मान वर करून समोरच्याचा चेहरा बघत. जन्मतारखेच्या रकान्यात निम्म्याहून जास्त माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीनं दिलेली ती तारीख फौजेनंही निमूट मान्य केली होती.

पुढे जालना जिल्हा झाला आणि अंबड तालुक्याच्या वह्यांबरोबर मला ट्रकमध्ये घालून इकडे आणलं. तीस वर्षं मी कपाटात होते. मला उंदरांनी उघडलं असेल तेवढंच.

२०११ मध्ये रामकिसन या कारकुनानं जुन्या वह्यांची यादी केली. रद्दीची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती, म्हणून 'नष्ट' हा शेरा त्यानं आदल्या दिवशीच मारून ठेवला. कामाची ही पद्धत सगळीकडे आहे. शेरा आधी, काम मागाहून. त्याच दिवशी कचेरीत कॉम्प्युटर आला. पडदा फार खाली येत होता, रामकिसनची मान अवघडायला लागली. त्यानं गठ्ठ्यातून मला उपसलं आणि पडद्याखाली ठेवलं. माझी जाडी बराबर बसली. यादी मात्र तशीच राहिली, कारण यादीत खाडाखोड केली की खुलासा लिहावा लागतो.

तेव्हापासून मी कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन आहे. लोक येतात, रामकिसन पडद्यात बघतो आणि नोंद नाही म्हणून सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर सुगराबी आल्या. वय चौऱ्याऐंशी, तेव्हाच्या अंबड तालुक्यातल्या, तीर्थपुरीजवळच्या एका गावच्या. बरोबर नात अंबरीन, शाळेत शिकवणारी. गावात माजी सैनिकांच्या नावांचा दगड बसणार होता, सव्वीस जानेवारीला. सुगराबींचे मालक चांदपाशा दहा वर्षं फौजेत ड्रायव्हर होते, पण कागद मागितल्यावर घरातून काहीच निघालं नाही. पेटीतले कागद वाळवीनं खाल्ले होते. गावातले लोक चांदपाशांना मरेपर्यंत चहाच्या टपरीवर 'फौजी' म्हणत. त्यात मान किती आणि थट्टा किती, हे कुणी मोजलं नव्हतं. दगडाची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं की फौजेत कशाचा, कुठंतरी ठेकेदाराचा ट्रक चालवत असेल.

सुगराबींना दगडाचं फार नव्हतं. नवरा जन्मभर खोटं बोलला, एवढं गावात उरू नये, म्हणून त्या आल्या होत्या.

अंबरीननं फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला दोनदा लिहिलं होतं. उत्तर आलं की नाव आणि जन्मतारीख पुरेशी नाही, नंबर कळवा. एक जूनला जन्मलेले चांदपाशा त्यांच्याकडे बरेच असणार.

रामकिसननं पडद्यात बघितलं. "न्हाई दाखवत, चाची. बहात्तरचं रेकॉर्ड हाय ना, गेलं ते."

अंबरीन पडदा बघायला वाकली आणि तिची नजर खाली आली. "भाऊसाहेब, हे काय आहे?"

"ते स्टँड हाय."

"त्याच्यावर 'माजी सैनिक, अंबड' लिहिलंय."

रामकिसननं मग यादी काढून दाखवली. चौदावा क्रमांक, शेरा, सही. सही त्याचीच होती. नष्ट झालेल्या वहीची नक्कल देता येत नाही, हे त्यानं शांतपणे समजावलं. अंबरीन म्हणाली, नक्कल नको, नुसतं बघू द्या. नष्ट झालेली वही बघताही येत नाही, असं तो म्हणाला. मग तो सुगराबींकडे जरा वेळ बघत राहिला. रखमाजी खुणेच्या रकान्याला बघत, तसं.

"मी चहाला जाऊन राह्यलो," तो उठत म्हणाला. "अर्धा तास लागंल. स्टँडला हात लावू नका."

अर्ध्या तासात त्यांनी माझी पानं चाळली. चांदपाशा तिघे निघाले. गाव तिघांचंही नुसतं 'तालुका अंबड', बापाची नावं शाईच्या डागाखाली. तिसऱ्या नावापुढे अंबरीननं मोठ्यानं वाचलं, "डाव्या भुवईत व्रण."

सुगराबींनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. "मोटेचं चाक लागल्तं, लहानपणी." मग सहीच्या रकान्यावर वाकून त्यांनी उर्दू अक्षरं वाचली. "हेच हाय, बेटा."

अंबरीननं नंबर तळहातावर लिहून घेतला. रामकिसन आला तेव्हा पडदा जागेवर होता, फक्त थोडा तिरपा. तो त्यानं सरळ केला.

जानेवारीत दोघी खोबऱ्याची बर्फी घेऊन आल्या. नंबर कळवल्यावर रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं होतं. भरती १९६२, सेवामुक्ती १९७२, ड्रायव्हर, दोन पदकं. आणि एक शिक्षा : १९६६ मध्ये रजेवरून चार दिवस उशिरा हजर झाल्याबद्दल. अंबरीन ते वाचताना अडखळली. तिला वाटलं, दादीला वाईट वाटेल.

सुगराबी पदरात हसल्या. "ती सजा माझी व्हती. म्याच जाऊ दिलं न्हाई."

दगडावर आता चांदपाशांचं नाव आहे म्हणतात. चार दिवसांचं तिथं काही लिहिलेलं नाही. ते सुगराबींकडे राहिलं.

परवा कचेरीत पडद्यासाठी खरा स्टँड मागवायची टिपणी तयार झाली. रामकिसननं ती तीनदा परत वाचली आणि खालच्या खणात ठेवून दिली. त्या खणात गेलेलं सहसा वर येत नाही. तरी सांगून ठेवते, माझ्यात अजून तीनशे बारा माणसं आहेत, नंबरासकट, खुणांसकट. तुमचं कुणी असेल तर या. अर्ज आणू नका, नक्कल मागू नका. रामकिसन चहाला जाईपर्यंत बाकावर बसून राहा.