आ-ल्वानचा शिक्का

आ-ल्वाननं पिशवी टेबलावर उपडी केली. चष्म्याचं घर, किल्ल्या, औषधाची पट्टी, कारखान्यातून आणलेले मोज्यांचे दोन जोड, सगळं बाहेर आलं. सहीऐवजी उमटवायच्या नावाच्या शिक्क्याची लाल डबी तेवढी आली नाही.

"पुन्हा विसरलीस," जिन-फा म्हणाला. आवाज चढवला नाही, पण चहाचा पेला ठेवताना जरा आपटलाच.

"नाही दादा. आज आणला होता. गाडीवरून उतरल्यावर हात लावून बघितला मी."

यावर कोणाचा विश्वास बसला नाही, आणि बसावा तरी का? मागे दोनदा ती अशीच शिक्का विसरून आली होती. कागदपत्रं करणारे हुंग घड्याळाकडे बघू लागले. वडील जाऊन आज तीन महिने पुरे होत होते. मुलीनं हक्क सोडल्याचा कागद साडेपाचच्या आत कोर्टात गेला नाही, तर पेरूची अर्धी बाग आ-ल्वानची होणार होती. मग तिच्या होकाराशिवाय जिन-फाला ती गोदामवाल्याला विकता आली नसती. तायचुंगला मुलासाठी फ्लॅट बघून ठेवला होता, तोही लटकला असता.

गल्लीतल्या झाडून सगळ्या लेकी बापामागे भावाकडे येऊन शिक्का उमटवून गेल्या होत्या. एकीनंच तेवढा उमटवला नव्हता. तिचं नाव निघालं की बायका विषय बदलत.

मागच्या दोन्ही वेळा आ-ल्वान मुद्दाम विसरली होती. एक्केचाळीस वर्षं मोज्यांची टोकं शिवून ती या महिनाअखेरीला निवृत्त होणार होती. पुढे काय करणार, असं कोणी विचारलं की झोपणार, म्हणायची. खरं तर भाड्याच्या खोलीत छताकडे बघत पडून राहायची तिला धास्ती वाटत होती. तिला सकाळी उठून जायला झाडं हवी होती. पण हे भावाला सांगायला जीभ रेटेना. शेवटी आज सकाळी तिनं शिक्का पुसला, पोटभर रडली आणि डबी पिशवीत टाकली.

सू-युन वहिनीनं पेरूच्या फोडी सगळ्यांपुढे ठेवल्या आणि हात शर्टाला पुसले. आ-ल्वान आली तेव्हा तिच्या हातून हेल्मेट आणि पिशवी घेऊन ठेवणारी तीच.

"गाडी बागेपाशी लावलीस ना? तिथंच पडला असेल. चल, बघू," ती म्हणाली.

बागेत गेल्यावर वहिनीनं खाली जमिनीकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेला लावलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा काढून अर्धा आ-ल्वानच्या हातात दिला, वर फोमच्या जाळ्या दिल्या आणि अक्रोडाएवढ्या कोवळ्या पेरूंना कीड लागू नये म्हणून पिशव्या बांधू लागली.

"वहिनी, शिक्का."

"हात चालव आधी."

लहानपणी शिकलेले हात चालू लागले. जाळी, पिशवी, गाठ. दोन झाडं झाली. मग वहिनी पाठमोरी असतानाच म्हणाली, "आज तू खरंच आणलास. उतरलीस तेव्हाच तुझ्या तोंडावर दिसलं मला."

आ-ल्वानच्या हातातली गाठ सुटली.

"माझे बाबा गेले तेव्हा मी पहिल्याच दिवशी शिक्का घेऊन गेले होते. भावानं जेवायला घातलं. कोळंबी होती. अजून चव आठवते." वहिनीनं पुढचा पेरू धरला. "इथं छत्तीस वर्षं पिशव्या बांधतेय, पण कागदावर माझं नाव कुठंच नाही. तुझं आहे."

"दादाला काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. मी चोरी केली, त्याचं मी बघेन. कालव्याकडचं तिसरं झाड, खालची फांदी."

आ-ल्वान तिथं गेली. दहाबारा पेरू पिशव्यांत लटकत होते. त्यातल्या एका पिशवीत पेरूशेजारी काहीतरी लाल दिसत होतं. तिनं बाहेरूनच चाचपलं. डबीच. गाडीवर कोर्ट चाळीस मिनिटांवर होतं, अजून वेळेत पोचता आलं असतं. साडेचारच वाजले होते. वहिनी आपल्या झाडापाशीच उभी राहिली, इकडे आली नाही.

"आ-ल्वान!" घराच्या दारातून जिन-फाची हाक आली. "सापडला का?"

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्या पिशवीची गाठ जरा सैल होती. तिनं ती नीट आवळली.

"नाही, दादा," ती ओरडून म्हणाली, "अजून शोधतेय."

आणि तिनं शेजारच्या पेरूला जाळी चढवली.