पाणीपाळीच्या यादीवरचा निळा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना निळा चौकोन आहे. लासुर्ण्याजवळच्या एका पाणीवापर संस्थेच्या वेबपानावर राहतो. माझ्यावर लिहिलंय, 'नाव शोधा'. आज जे सांगणार आहे, ते सांगताना मला तोंड लपवावंसं वाटतं.

कॉलेजात शिकणाऱ्या श्रेयाने मला जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत घडवलं. मला दाबलं, की ब्राउझरची स्वतःची शोधपट्टी उघडावी, असं तिच्या मनात होतं. ब्राउझर काही तशी परवानगी देईना. मग तिने त्याचीच दुसरी सोय मला जोडली. नाव लिहून मला दाबायचं, आणि पानावर जेवढं दिसतंय तेवढ्यात मी ते शोधायचं. आज कालव्याचं पाणी कुणाला, किती वाजता, हे मी चुटकीसरशी सांगू लागलो. लोक कौतुक करायचे, मी फुगायचो. पूर्वी कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी तात्याबा बांधावर येऊन "पाणी आलं, दारं धरा!" अशी हाक देत. मी आल्यावर त्यांनी ती सोडली.

पुढे यादी वाढली. श्रेयाने कालव्याच्या एकेका चारीवरच्या, म्हणजे फाट्यावरच्या, शेतकऱ्यांची नावं बोट लावल्यावरच उघडणाऱ्या, एरवी मिटलेल्या कप्प्यांत ठेवली. मिटलेल्या कप्प्यातलं मला दिसत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. मला पुन्हा कुणी तपासलंही नाही.

एका सकाळी द्वारकाबाईंनी आपलं नाव लिहून मला दाबलं. त्यांच्या उसाची नवी लागण पाण्यासाठी खोळंबली होती. मी ऐटीत सांगितलं, 'आजच्या यादीत नाव नाही.' त्या भिगवणला लेकीकडे गेल्या. नाव चौथ्या कप्प्यात होतं, पाळी त्याच दुपारची. शेतात दारं धरायला, पाणी सरीसरीत वळवायला कुणी नाही, म्हणून पाणी पुढच्या शेताला गेलं. पुढची पाळी महिन्याने आली, तोवर कोंब करपले.

द्वारकाबाई मोबाईल घेऊन श्रेयाकडे आल्या. "माझंच कायतरी चुकलं आसंल बाळा. मला ह्यातलं कळत न्हाय."

श्रेयाने कप्पे उघडून पाहिले. तिचा चेहरा उतरला. "आजी, तुमचं न्हाय चुकलं. ह्यानं बघितलंच न्हाय."

"आन् मी बी हाक दिली न्हाय," तिथेच बसलेले तात्याबा खाली बघत म्हणाले.

द्वारकाबाई कुणालाच रागावल्या नाहीत. त्यानेच मला जास्त लाज वाटली.

श्रेयाने मला दुरुस्त केलं. आता मी सगळे कप्पे बघून मगच बोलतो. मित्रांनो, पान बदललं की माझ्यासारख्याला पुन्हा तपासत जा. आणि मी 'नाही' म्हणालो, तर विचारा, 'सगळं बघितलंस का?' द्वारकाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी न बघताच बोललो.