कडीतून पडलेली संत्री

थोरलीच्या हातात लोखंडी कडी होती आणि समोर तिच्या धाकट्या दिराची गाडी उभी होती. कडीतून जे संत्रं आरपार पडेल ते बाद, जे अडेल ते घ्यायचं, एवढंच तिचं काम. कंपनीच्या शेडमध्ये तीन वर्षं ती हेच करत होती. दुसऱ्यांचा माल बाद करताना तिचा हात कधी अडखळला नव्हता. पण ही झाडं घरची. उन्हाळा असा तापला की विहिरीनं तळ दाखवला, तेव्हा दिरानं आणि तिनं घागरी वाहून ती जगवली होती. झाडं जगली, फळ मात्र लिंबाचा थोरला भाऊ शोभेल एवढंच धरलं.

संत्री टपाटपा कडीतून पडायला लागली. दीर हाताची घडी घालून बघत होता. एक फळ जरासं अडल्यासारखं झालं, तशी तिनं ते हळूच चांगल्या मालाच्या पाटीत टाकलं. मुकादमानं मागून येऊन ते उचललं, पुन्हा कडीत धरलं. पडलं. त्यानं ते बाद मालात टाकलं. बोलला असता तर बरं, भांडता तरी आलं असतं, असं तिला वाटलं.

निम्म्याहून जास्त माल बाद झाला. पदराला हात पुसत ती मुकादमाकडे गेली. यंदा सगळ्या गावाचंच फळ बारीक आहे, कडी थोडी लहान करा, एवढंच तिचं म्हणणं. मुकादम काही वाईट माणूस नव्हता, त्याच्या बापाचीही बाग होती. कडी हापिसातून येते, तो म्हणाला, आणि हापीस म्हणतं गिऱ्हाइकाला मोठंच फळ लागतं. ते गिऱ्हाईक कुठं राहतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

थोरलीला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. बाद माल फेकला जात नव्हता. गाडीभर ओझं परत कोण नेणार, म्हणून लोक तो तिथंच फुकट सोडून जात, आणि दिवस कलला की कंपनीचाच ट्रक तो रसाच्या कारखान्यात नेई. त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं दिराला ते सांगून टाकलं.

"भाऊजी, रसाला कुणी कडी लावतं का?"

दिरानं ते गावात सांगितलं आणि गाव पेटलं. शाळेच्या आवारात बैठक बसली. म्हातारे मास्तर म्हणाले, "जागा गावाची, पाणी गावाचं, राबणारे हात गावाचे. मग माप तेवढं परक्याचं का?" आपलीच शेड काढू, आपणच रस काढू, घरटी एक मत, कुणी मालक नाही आणि कुणी नोकर नाही, असं त्यांनी मांडलं. सगळ्यांना पटलं. तोवर बाद माल कुणी शेडमध्ये सोडायचा नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी बारा गाड्या बाद माल घेऊन माघारी आल्या. आवारात संत्र्यांचा ढीग लागला. त्या दिवशी थोरली ताठ मानेनं घरी गेली.

कंपनीनं कुणाला दमसुद्धा दिला नाही. फाटकावर नुसता कागद लागला: दुरुस्तीसाठी शेड आठ दिवस बंद.

पिकलं फळ आठ दिवस थांबतं होय? झाडांखाली सडा पडला. मास्तर शहरात खेटे घालून आले. रसाचं यंत्र मिळायला सहा महिने लागतील, म्हणाले. आवारातल्या ढिगाला आंबूस वास सुटला, चिलटं घोंगावायला लागली, पोरांना वर्गात बसवेना. शेवटी मास्तरांनीच खोरं हातात घेतलं. थोरलीची मजुरीही बुडालीच. कुणाच्या नावानं बोटं मोडावीत, तर नावच माहीत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

नवव्या दिवशी फाटक उघडलं. रांगेत पहिली गाडी तिच्या दिराचीच होती. थोरली कडी घेऊन बसली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. सगळं निवडून झाल्यावर तिनं बाद फळांच्या पाट्या गाडीकडे सरकवल्या.

"घेऊन चला, भाऊजी."

त्यानं रिकाम्या गाडीचं मागचं फळकूट लावलं.

"राहू दे, वहिनी," तो म्हणाला. "इथून निदान कुणाच्या तरी पोटात जाईल."

गाडी फाटकाबाहेर वळली. मागचा गाडीवाला पुढं सरकला. थोरलीनं त्याच्या मालातलं पहिलं संत्रं उचललं आणि कडीत धरलं.