पेपरवेट

आमच्या प्रयोगशाळेत धातूंच्या दोन भुकट्या दाबून ठोकळे बनतात. एरवी पोलादासारखे मजबूत, पण जोरात मार बसला की आतून पेटणारे. लष्कराला तेच हवं असतं: क्षेपणास्त्राचं कवचही तेच आणि स्फोटकही तेच.

एका ठोकळ्याचा टवका उडाला आणि तो चाचणीतून बाद झाला. नियमाप्रमाणे त्याच दिवशी नष्ट करायचा. मी टेबलावर ठेवला, कागद उडू नयेत म्हणून. सहा महिने त्याच्यावर चहाचा कप टेकवला, फोनवर बोलताना हातात खेळवला. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती हीच.

त्या मंगळवारी लेथवर काम करणारे टर्नरकाका आले. सत्तावीस वर्षांची नोकरी आणि जिभेला हाड नाही.

"मॅडम, लेथला नवं पातं लावलंय. बघायला एखादा नकली तुकडा द्या की. निळ्या ठिपक्याचे नकली सगळे संपलेत."

मी पेपरवेट पुढे केला.

"याला ठिपका कुठाय?"

"अहो काका, सहा महिने माझ्या नाकासमोर आहे. काही होत नाही त्याला."

"तुमच्या संगतीत तोही आळशी झाला म्हणायचा," म्हणत ते हसत गेले.

खरा ठोकळा भिंतीआडून, पाण्याच्या धारेखाली कापतात. नकलीसाठी एवढा खटाटोप कोण करतो? काकांनीही केला नाही. आवाज फार मोठा झाला नाही. काकांचा उजवा हात मनगटापासून गेला.

मला काहीच वाटेना. जेवत होते, झोपत होते, वेळेवर कामावर जात होते. आईने विचारलं, "रडलीस तरी का गं?" नव्हते रडले.

शुक्रवारी चौकशी होती. साहेबांनी काकांचा जबाब माझ्यापुढे सरकवला. 'ठोकळा मी मॅडमच्या टेबलावरून न विचारता उचलला.'

"म्हाताऱ्याने तुला वाचवलं," साहेब म्हणाले. "नियम मोडला म्हणून त्यांना काढतील, एवढंच. खाली सही कर आणि सूट."

काकांची सही डाव्या हाताची होती. पहिलीतल्या पोराने केल्यासारखी, ओळ सोडून खाली घसरलेली.

मी कोरा कागद मागितला. 'ठोकळा मी दिला. त्यांनी ठिपक्याबद्दल विचारलं होतं,' एवढंच लिहिलं आणि सही केली. नेहमीसारखीच आली, झोकदार, एका दमात. तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा लाज वाटली.